मोकळी टीप, आवरलेला हात

मराठवाड्यातील कोणत्याही मोंढ्यात जुन्या पेढीची ओळख तिच्या गादीवरून पटत असे. जमिनीवर सतरंजी, तिच्यावर कापसाची जाड गादी, गादीला मांजरपाटाची शुभ्र खोळ, पाठीशी लोड, हाताशी तक्के आणि समोर उतरत्या झाकणाची पेटी. ‘गादीवर बसणे’ हे शब्द आपल्या व्यापारी घरांत नुसत्या बसण्यासाठी कधीच वापरले गेले नाहीत. वडिलांचा शब्द, त्यांची पत आणि त्यांची देणी पुढे चालविणे, असा त्यांचा अर्थ आहे. दिवाळीच्या आधी गादी उसवायची, कापूस उन्हात टाकायचा, पिंजाऱ्याकडून तो पिंजून घ्यायचा, खोळी धुऊन कडक करायच्या आणि भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी त्या स्वच्छ गादीवर वहीपूजन करायचे, हा क्रम हिंगोली, वसमत, कळमनुरीकडील अनेक घरांनी वर्षानुवर्षे पाळला.

आता बहुतेक पेढ्यांवर मेज-खुर्च्या आल्या. आमच्या आडतीतही आल्या आणि सासऱ्यांची गादी माळ्यावर गेली. पुढे घराच्या दिवाणखान्यासाठी बाजारातून चार उश्या आणल्या. त्या चकचकीत होत्या. आत कृत्रिम धाग्याचा भुसा आणि वर रेशमासारखे दिसणारे कापड होते. दोन पावसाळ्यांत त्या चपट्या झाल्या. चोहीकडे कापसाची शेते आणि घरात कापसाची एक उशी नाही, हे सासूबाईंना खटकत होते. एका दुपारी त्यांनी माळ्यावरची गादी खाली काढायला लावली, आपली दोन जुनी सुती पातळे तिच्यावर ठेवली आणि म्हणाल्या, “ज्या गादीवर बसून घर चाललं, तिचा कापूस फेकायचा नाही. याचं काहीतरी कर.”

त्या ‘काहीतरी’मधून ज्या उश्या तयार झाल्या, त्यांच्या निमित्ताने हा लेख आहे. उशी सुंदर करण्याचे बाजारातील मार्ग आपल्याला ठाऊक आहेत : आरसे, टिकल्या, चमकी, झालर, छापील चित्रे. येथे सांगायचा मार्ग निराळा आहे. कापडावर वरून काहीही न लावता, केवळ शिलाई मशीनच्या टिपेने, उशीला पोत आणि उठाव देता येतो. इंग्रजीत या पद्धतीला ‘फ्री मोशन’ म्हणतात. आपण तिला ‘मोकळी टीप’ म्हणू.

उठाव येतो कोठून?

दोन कापडांच्या मध्ये कापसाचा पातळ थर ठेवला आणि त्यांतून दोरा ओढला, की जेथे टाका पडतो तेथे कापूस दबतो. दबलेला कापूस नाहीसा होत नाही. तो शेजारच्या मोकळ्या जागेत सरकतो आणि ती जागा फुगते. तिरपा उजेड पडला की फुगलेल्या भागाशेजारी बारीक सावली पडते. या उंचसखल रचनेलाच आपण पोत म्हणतो. म्हणजे शिवताना आपण दोन गोष्टी करीत असतो : काही जागा दोऱ्याने दाबतो आणि काही जागा राखून ठेवतो. डोळ्याला जे उठून दिसते, ते राखून ठेवलेल्या जागेचे.

ही गोष्ट आपल्या आज्या-पणज्यांना पुस्तकाविना माहीत होती. गोधडी किंवा वाकळ घ्या. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे पदर एकावर एक ठेवून दाभणाने किंवा जाड सुईने धावदोरा घालतात. ओळीला लागून दुसरी ओळ, तिला लागून तिसरी. दोरा किंचित ताणून घेतल्यामुळे कापडावर पाण्यावरील तरंगांसारख्या बारीक सुरकुत्या उठतात आणि वापरून पातळ झालेले कापड पुन्हा भरीव वाटू लागते. बंगालच्या कांथ्याची शोभा हीच. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड भागातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात, तेव्हा त्या कडेपासून आरंभ करून चौकोनी फेऱ्यांनी मध्यापर्यंत येतात. तेथेही धावदोऱ्याच्या ओळींनीच पृष्ठभाग जिवंत होतो. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्राच्या गोधड्यांवर स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ लिहिला आणि घराघरांतील या कामाकडे कला म्हणून पाहण्याची दृष्टी दिली.

हिंगोली जिल्ह्याला तर सुईदोऱ्याचा मोठा वारसा आहे. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले गेलेले नरसी याच जिल्ह्यात आहे. नामदेव शिंपी कुळातील होते. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट आहेत आणि त्यांपैकी एका पदात शिंप्याची कात्री, सुई आणि दोरा ही भक्तीची उपकरणे म्हणून येतात. कापड शिवणे हे हलके काम नाही, हे या मातीने फार पूर्वी मान्य केले आहे.

दाते खाली, सूत्र हाती

मशीनवर गोधडीसारखा पोत का येत नाही, अशी तक्रार अनेक भगिनी करतात. त्याचे कारण मशीनच्या रचनेत आहे. सुईखालच्या पोलादी पट्टीत बारीक दाते असतात. प्रत्येक टाक्यागणिक ते वर येतात, कापडाला ठराविक अंतर मागे सरकवतात आणि पुन्हा खाली जातात. वरून दाबपाय कापड धरून ठेवतो. म्हणून टीप सरळ आणि सारख्या अंतराची पडते. झंपर किंवा अभ्रा शिवताना हाच गुण उपयोगी असतो. परंतु वळणावर वळणे घ्यायची असतील, तर प्रत्येक वेळी सुई रोवून, दाबपाय उचलून कापड फिरवावे लागते.

मोकळ्या टिपेत हे दाते खाली पाडतात. आता मशीन फक्त सुई वर-खाली करते. कापड पुढे, मागे, आडवे, गोल कसे न्यायचे आणि टाका किती लांब घ्यायचा, हे सर्वस्वी शिवणाऱ्या हाताने ठरवायचे. कागद हलवायचा आणि लेखणी एका जागी धरायची, असा हा उलटा लेखनप्रकार आहे.

पद्धत नवीन नाही. आयझॅक सिंगर यांना अमेरिकेत १८५१ मध्ये शिलाई यंत्राचे पेटंट मिळाले आणि पुढील काळात त्यांच्या कंपनीने पायमशीनवर भरतकाम कसे करावे, याची पुस्तकेच छापली. आपल्याकडे मशीन भरतकामाचे वर्ग ज्यांनी केले आहेत, त्यांना रिंगेत कापड ताणून, दाते पाडून फुले भरणे परिचित आहे. तेच तंत्र कापसाच्या थरावर वापरले की मोकळी टीप झाली. तरीही रजईच्या जगात यंत्राला मान मिळायला वेळ लागला. अमेरिकेतील पड्युका गावी भरणाऱ्या मोठ्या रजई-प्रदर्शनात सर्वोत्कृष्ट रजईचा मान यंत्राने टाके घातलेल्या कामाला प्रथम मिळाला तो १९८९ मध्ये. कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणावरील रजईचा तो गौरव होता. यंत्राचे काम ते हाताचे नव्हे, असे म्हणणाऱ्यांत त्या वेळी मोठी खळबळ उडाली.

असाच वाद आमच्या घरीही झाला. सासूबाईंनी घरातील प्रत्येक बाळाचे दुपटे हाताने शिवले आहे. आता त्यांच्या बोटांत सुई ठरत नाही. मशीनवर बसलेली मला पाहून त्या प्रथम म्हणाल्या, “मशीनची टीप नुसती सरळ पळते गं, तिला काय कळतंय?” दाते पाडून मी पहिले वळण घेतले, तेव्हा मात्र त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

उशीत काय असावे, काय नसावे

कृतीकडे वळण्यापूर्वी साहित्याचा विचार आपल्या दृष्टीने करायला हवा. उशी ही लहान वस्तू आहे. पण तिच्यात हिंसा नकळत शिरण्याच्या वाटा पुष्कळ आहेत.

महागड्या उश्यांत बदक आणि हंसांची पिसे भरलेली असतात. ती पक्ष्यांच्या अंगावरून काढलेली किंवा कत्तलीनंतर गोळा केलेली असतात. अशी उशी आपल्या घरात येऊ नये. रेशमासाठी कोशातील जीव उकळून मारतात आणि एका साडीमागे असे हजारो कोश लागतात. म्हणून उशीसाठी नवे रेशीम विकत घेण्याचे कारण नाही. कोशातून पतंग बाहेर पडल्यानंतर सूत काढण्याची पद्धत हैदराबादकडील कुसुमा राजय्या यांनी विकसित केली आणि ते ‘अहिंसा रेशीम’ म्हणून ओळखले जाते. पण उशीला त्याचीही गरज नाही. शिंपल्याची आणि शिंगाची बटणे, कातड्याची गोठ आणि जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होणारा सरस हेही टाळावे. नारळाच्या करवंटीची किंवा लाकडाची बटणे सहज मिळतात. बटणांऐवजी कापडी नाड्या उत्तम.

भरण्यासाठी कापूस सर्वांत चांगला. जुन्या गादीचा कापूस उन्हात वाळवून, तपासून, पुन्हा पिंजला की नव्यासारखा हलका होतो. सावरीचा कापूसही मऊ असतो, पण तो निसरडा असल्यामुळे घट्ट विणीच्या पिशवीतच भरावा लागतो.

घरात आधीच असलेल्या आईच्या रेशमी शालूचे काय करावे, हा प्रश्न मला अनेकींनी विचारला आहे. माझे मत असे की तो जपून ठेवावा किंवा ज्याला गरज आहे त्याला द्यावा. उशीसाठी कापू नये. सुती पातळ वापरून वापरून मऊ झालेले असते, टीप त्याच्यावर छान बसते आणि धुण्याची चिंता नसते. आठवण जपायला तेच अधिक योग्य.

कृती

सोळा इंची चौकोनी उशीचे प्रमाण येथे देत आहे.

दर्शनी बाजूसाठी एकरंगी सुती कापडाचा १९ इंचांचा चौकोन घ्यावा. छापील कापडावर पोत हरवून जातो. फिकट एकरंगी कापडावर सावली स्पष्ट दिसते. मध्ये ठेवण्यासाठी कापसाची पातळ पट्टी किंवा जुन्या मऊ पातळाचे तीन-चार पदर, आणि खाली मांजरपाटाचे अस्तर २० इंचांचे. सर्व कापडे आधी धुऊन घ्यावीत. न धुता शिवलेले सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि उशी वेडीवाकडी होते.

तिन्ही थर सपाट अंथरून, मध्यापासून कडेकडे हात फिरवीत सुरकुत्या काढाव्यात. नंतर चार-चार बोटांच्या अंतरावर कच्चा धावदोरा घालावा. या कामात कंटाळा केला तर खालच्या अस्तराला चुण्या पडतात आणि त्या शेवटी लक्षात येतात.

मशीनचे दाते खाली पाडावेत. जुन्या काळ्या पायमशीनमध्ये त्यासाठी खाली स्क्रू किंवा बाजूला कळ असते. ती नसेल तर दाते झाकणारी पट्टी बसवावी आणि टाक्याची लांबी शून्यावर आणावी. नेहमीचा दाबपाय काढून भरतकामाचा स्प्रिंगचा पाय लावावा. पाय न लावता उघड्या सुईवर काम करण्याची जुनी सवय काहींना असते. नवख्यांनी ती करू नये, बोटाला इजा होते. सुई १४ किंवा १६ नंबरची नवी घ्यावी. वर आणि बॉबिनमध्ये एकाच रंगाचा दोरा भरावा, म्हणजे ताणातील लहानसहान चूक दिसत नाही.

येथे एक गोष्ट विसरू नये. दाबपायाचा दांडा खाली केल्याखेरीज वरच्या दोऱ्याला ताण मिळत नाही. कापड हाताने हलवायचे आहे म्हणून पुष्कळ जणी दांडा वरच ठेवतात आणि मग अस्तराकडे दोऱ्याचा गुंता जमतो. मशीन बिघडले असे वाटते. प्रत्यक्षात दांडा वर राहिलेला असतो.

आरंभ मध्यापासून करावा. चाक हाताने फिरवून एक टाका घ्यावा, बॉबिनचा दोरा वर ओढून घ्यावा, दोन्ही दोरे धरून जागच्या जागी तीन-चार बारीक टाके घालावेत आणि मग पुढे निघावे. दोन्ही तळहात सुईच्या दोहों बाजूंना पसरून कापड हलके ताणलेले ठेवावे. पायाची गती एकसारखी आणि हाताची चाल शांत असावी. पायमशीन उलटे फिरले की दोरा तुटतो, म्हणून थांबताना हात चाकावर असू द्यावा. इंचाला आठ ते दहा टाके पडले तर पोत चांगला येतो. हात घाईने ओढला तर लांब, सैल टाके पडतात. हात थबकला तर एका जागी गाठ होते.

पहिल्याच दिवशी उशीवर बसू नये. उरलेल्या तुकड्यांचा तसाच थर करून दोन-तीन दुपारी सराव करावा. त्याहीपूर्वी कागदावर पेन्सिल न उचलता वळणे काढावीत. ज्यांचा हात रांगोळीत तयार आहे त्यांना हे लवकर जमते, कारण जागा भरायची कशी आणि रेषेने रेषा ओलांडू द्यायची नाही हे त्यांना ठाऊक असते.

टीप पूर्ण झाल्यावर कापड थोडे आखडते. म्हणून आपण ते मोठे घेतले होते. आता ते १७ इंचांवर चौकोनी कापून घ्यावे. मागील बाजूसाठी १७ इंच लांब व १२ इंच रुंद असे दोन तुकडे घेऊन, प्रत्येकाची एक लांब कड इंचभर दुमडून, एकावर एक येतील असे ठेवून चारही बाजूंनी अर्धा इंच आत टीप मारावी. चेनची गरज राहत नाही. आतली कापसाची पिशवी अभ्र्यापेक्षा इंचभर मोठी शिवावी, म्हणजे कोपरे भरून राहतात. एका उशीला अर्धा ते पाऊण किलो कापूस पुरतो.

नक्षी कोणती?

पहिली, सर्वांत सोपी : एकमेकांना न छेदणारी नागमोडी वळणे. दुसरी : लहान-मोठे गोल खडे, नदीकाठच्या वाळूगोट्यांसारखे. तिसरी : एका आकाराभोवती सारख्या अंतराने फिरणाऱ्या रेषा. चौथी : लाटा, नांगरटीच्या तासांसारख्या जवळजवळ जाणाऱ्या. आपल्या भागात हळदीच्या पानाइतका चांगला नमुना नाही. मधल्या शिरेपासून दोन्हीकडे तिरप्या जाणाऱ्या समांतर शिरा मोकळ्या टिपेला जणू आखून दिल्यासारख्या असतात.

उठाव वाढवायचा असेल तर एक युक्ती आहे. पान कोरे ठेवावे आणि त्याच्याभोवतीची जागा बारीक वळणांनी गच्च भरावी. भोवतालचा भाग दबतो आणि पान वर येते. पानाखाली कापसाचा एक जास्तीचा पदर ठेवला तर ते आणखी उचलून दिसते.

पण गच्च भरण्यालाही मर्यादा आहे. माझी पहिली उशी मी हौसेने काठोकाठ भरली. एक बोटभर जागा रिकामी सोडली नाही. तयार झाली ती पुठ्ठ्यासारखी ताठ. सासऱ्यांनी ती पाठीशी घेतली, पाच मिनिटांनी काढून बाजूला ठेवली आणि काही बोलले नाहीत. दुसऱ्या उशीला टीप निम्म्याने कमी घातली आणि ती पहिलीपेक्षा सुंदर झाली. सासूबाईंनी कापडावर बोट फिरवीत मला जागा दाखविल्या : इथे थांब, इथे मोकळं राहू दे. दुपट्याच्या मध्यभागी बाळाच्या पाठीखाली त्या नेहमी विरळ ओळी घालीत, हे त्यांनी तेव्हा प्रथम सांगितले.

काय काढू नये, हेही सांगायला हवे. स्वस्तिक, कलश, श्रीवत्स इत्यादी अष्टमंगल चिन्हे उशीवर किंवा बैठकीवर शिवू नयेत. ज्यावर आपण टेकतो, पाय ठेवतो, त्यावर मंगल चिन्ह ठेवणे हा अविनय आहे. अक्षरांचेही तसेच. नावे, सुविचार, मंत्र यांची टीप उशीवर घालणे ही ज्ञानाची आशातना होय. पशुपक्ष्यांच्या आकृतींविषयी जुन्या घरांत संकोच असतो, त्याला आधार आहे. सोमदेवसूरींनी ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ ग्रंथातील यशोधराची कथा आपण जाणतो. पिठाच्या कोंबड्याचा बळी दिल्याचेही फळ त्याला भवोभव भोगावे लागले. कृती कशावर झाली यापेक्षा भाव कोणता होता, हे तेथे महत्त्वाचे ठरले. उशीवर मोर शिवला म्हणून पाप लागते असे माझे म्हणणे नाही. पण सुईने हजार वेळा टोचायची आकृती पान, लाट किंवा खडा यांची असली तर मन निवांत राहते. सामायिकाचे आसन मात्र साधे, विनानक्षीचेच असू द्यावे.

जतना

साधूंच्या पाच समितींमध्ये आदाननिक्षेपण समिती आहे : वस्तू उचलताना व ठेवताना पाहून, जपून, जीवांना बाधा न होईल अशी हाताळणे. श्रावकाने ती यथाशक्ती पाळायची. उशीच्या बाबतीत तिचा अर्थ अगदी व्यवहारी आहे. अभ्रा काढता यावा, आतील पिशवी उन्हात टाकता यावी आणि शिवणी तपासता याव्यात अशीच उशी शिवावी. जी उशी चारही बाजूंनी कायमची बंद असते, तिच्यात काय वाढते आहे ते कळत नाही. आणि कळते तेव्हा जीव मारण्याखेरीज उपाय उरत नाही. आधी काळजी घेतली तर ती वेळ येत नाही.

कापडाला कडकपणा आणण्यासाठी शिवताना खळ दिली असेल तर साठवणीपूर्वी ती धुऊन काढावी. खळीमुळे कसर लागते. चातुर्मासात उशीला दमट भिंत लागू देऊ नये. दिव्याखाली मशीन चालविले तर पतंग-चिलटे येतात आणि चाकात सापडतात, म्हणून हे काम दिवसाउजेडी करावे. तिरप्या उन्हात पोतही नीट दिसतो.

हळदीचा व्यापार असलेल्या घरांसाठी एक सूचना. पांढऱ्या अभ्र्यावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो. घाबरू नये. साबण नीट धुऊन काढून कापड ओलेच कडक उन्हात टाकावे. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

संख्येचाही विचार करावा. चौदा नियम धारण करणाऱ्या घरांत ‘शयन’ या नियमाखाली आसने-बिछाने येतात आणि श्रावकाच्या बारा व्रतांत भोगोपभोगाचे परिमाण सांगितले आहे. मशीनवर हात बसला की एकामागून एक उश्या होत जातात. दिवाणखान्यात चार पुरतात. आमच्या गादीतून अधिक कापूस निघाला, त्याच्या उश्या ज्यांना हव्या होत्या त्यांना दिल्या.

विकताना आणि विकत घेताना

आपण व्यापारी आहोत, म्हणून शेवटचा मुद्दा बाजाराचा. अलीकडे शहरांतून गोधडीला मागणी आहे. हाताने शिवलेली म्हणून तिला किंमत मिळते आणि म्हणूनच मशीनवर शिवलेली वस्तू हातची म्हणून विकण्याचा मोह होतो. मोकळ्या टिपेने हा मोह वाढविला आहे, कारण तिचा पोत दुरून हाताच्या कामासारखा भासतो.

उमास्वामींच्या तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय या ठिकाणी आठवावा. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार तेथे दिले आहेत. त्यांत खोट्या मापांबरोबरच ‘प्रतिरूपक व्यवहार’ येतो : एका वस्तूच्या जागी तिच्यासारखी दिसणारी दुसरी वस्तू देणे. भेसळीला आपण हे सूत्र लावतो, ते टाक्यालाही लागू आहे. ज्या भगिनी हे काम विक्रीसाठी करतील त्यांनी ‘मशीनवर, हाताने फिरवून शिवलेले’ एवढे स्पष्ट सांगावे. त्यात उणेपणा काही नाही. रेषा हातानेच गेलेली असते, श्रम स्वतःचे असतात आणि खरे सांगून मिळालेली किंमत घरात सुखाने नांदते.

विकत घेतानाही तोच न्याय. हाताने गोधडी शिवणारी स्त्री आपल्या दारी येते, तेव्हा मशीनच्या भावाशी तुलना करून तिच्याशी घासाघीस करू नये. तिच्या एका ओळीला किती वेळ लागतो, हे ज्याने स्वतः मशीनवर का होईना चार ओळी घातल्या आहेत त्याला चांगले कळते. आपल्या मुलींना हे काम शिकविण्याचे मला हे एक मोठे कारण वाटते.

या कामाला मोकळी टीप म्हटले, तरी हात मोकाट सोडला तर दोरा गुंततो, घाई केली तर टाका लांबतो, हाव धरली तर उशी ताठ होते. दाते होते तोवर मशीन आपल्याला आवरीत होते. दाते खाली पाडले की ते काम आपले होते. मर्यादा बाहेरून लादलेली नसताना ती स्वतः पाळणे, यालाच आपल्याकडे संयम म्हणतात आणि दुपारच्या दोन तासांत मशीनसमोर त्याचा थोडा सराव होतो.

गेल्या दिवाळीत वहीपूजनाला सासऱ्यांनी खुर्ची नाकारली. खाली सतरंजी अंथरली, वर एक साधी चादर, आणि पाठीशी ती दुसरी उशी, जिच्यात त्यांच्याच गादीचा कापूस आहे आणि जिच्यावर सासूबाईंच्या पातळाचा फिकट हिरवा रंग. वहीत ‘श्री’ काढून होईपर्यंत ते टेकले नाहीत. पूजा झाल्यावर मात्र टेकून बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.